अबोल्याच्या वर्षातली निवडणूक

दादाच्या घरी फोनचे दोन रिसीव्हर होते. एक खाली स्वयंपाकघराच्या भिंतीवर, लांब वेटोळ्या वायरचा, आणि दुसरा वर बेडरूममध्ये. त्या वर्षी मी लंडनहून, म्हणजे आमच्या ओंटारिओतल्या लंडनहून, ओहायोला फोन लावला की दोन्ही रिसीव्हर एकदम उचलले जायचे आणि संभाषण साधारण असं व्हायचं.

"तुझ्या दादाला सांग, दूध संपलंय."

"वहिनीला सांग, येताना आणतो."

"तुझ्या दादाला सांग, टू पर्सेंट आण म्हणावं. मागच्या वेळी स्किम आणलं होतं."

एकाच घरात, एका जिन्याच्या अंतरावर दोन माणसं, आणि त्यांच्या मधोमध, दुसऱ्या देशात, कॉलिंग कार्डाचे आकडे पाठ झालेली मी. दोघांना एकमेकांचं सगळं स्वच्छ ऐकू जात असे. तरी मी "सांगते" म्हटल्याशिवाय निरोप पोचला असं कोणी धरत नसे. आमच्या घराण्यात अबोला ही फार शिस्तीची गोष्ट आहे. भांडण पाच मिनिटांत उरकतं, अबोला मात्र नेमाने पाळला जातो, आणि तो नीट चालायचा तर मध्ये एक तिसरं माणूस लागतंच. लहानपणी नागपुरात आई-बाबांचा अबोला असला की हे काम माझ्याकडेच असे, त्यामुळे अनुभव दांडगा होता.

कारण होतं त्यांच्या मुलाचं. एकुलता एक, माझा भाचा. अठरा पूर्ण झाल्यावर तो सैन्यात भरती झाला, अमेरिकेच्या. भरतीच्या ऑफिसात त्याला गाडीने कोण घेऊन गेलं, तर दादा. वहिनीला दोघांनी सांगितलं ते सह्या झाल्यानंतर. दादाला स्वतःला तरुणपणी फौजेत जायचं होतं. एनसीसीत तो सगळ्यात पुढे असायचा, पण तळवे सपाट निघाले म्हणून वैद्यकीय तपासणीत परत पाठवला. पुढे इंजिनिअर झाला, ओहायोला गेला, घर घेतलं, ते सपाट तळवे मात्र विसरला नाही. मुलाने विचारलं तेव्हा नाही म्हणायला त्याची जीभ वळली नसणार. वहिनी तेव्हा खूप बोलली, रडलीही. पण त्या वर्षीच्या वसंतात पोराला इराकला पाठवण्याचा हुकूम आला आणि त्या दिवसापासून तिने दादाशी बोलणं बंद केलं.

आणि त्याच वर्षी तिकडे अध्यक्षाची निवडणूक होती. ज्याने युद्ध सुरू केलं तो पुन्हा उभा होता. युद्ध कुणाला आवडेनासं झालं होतं, पण अर्ध्या देशाला वाटत होतं की भर लढाईत सेनापती बदलू नये, आणि उरलेल्या अर्ध्याला वाटत होतं की बदलायचा तर आत्ताच. दादा पहिल्या अर्ध्यातला, वहिनी दुसऱ्या. वर्तमानपत्रात रोज यायचं की सामना अटीतटीचा आहे आणि सगळं ओहायोवर ठरणार आहे. म्हणजे पन्नास राज्यांतून नेमकं माझ्या भावाचंच.

कॅनडा त्या युद्धात गेलाच नव्हता, त्यामुळे आम्ही सगळे जरा सोवळ्यात होतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. लंच रूममध्ये रोज तोच विषय. इथले लोक अमेरिकेच्या निवडणुकीवर जितकं तावातावाने बोलतात तितकं आपल्या निवडणुकीवर बोलताना मी कधी ऐकलं नाही. लग्न शेजारी आणि झोप आमची उडालेली. पण माझं तरी त्यात माणूस होतं. मी रक्ताच्या नळ्या मशीनमध्ये लावताना मनात ओहायोचे आकडे मांडायची. मला मत नव्हतं आणि मतं मात्र ढीगभर होती. दादाला फोनवर ती सगळी ऐकवायची. तो म्हणायचा, "तू तुझ्या कॅनडाच्या क्वीनकडे लक्ष दे." मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर मजाही यायची. आज तो आवाज ऐकायला मिळाला तर मी युद्धाच्या बाजूनेसुद्धा दोन शब्द बोलेन.

फराळ मात्र दरवर्षी आमच्याकडे व्हायचा, आणि अबोला असला तरी तो चुकला नाही. आमच्या गॅरेजमध्ये प्रोपेनची शेगडी मांडायची, दार अर्धं वर करायचं आणि विंटर जॅकेटं घरात कपाटात बंद करून ठेवायची. नाहीतर मार्चपर्यंत माणूस ऑफिसात चकलीचा वास घेऊन हिंडतो. दादा आणि वहिनी ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी गाडीने यायचे. त्या वर्षी ते दीड तास उशिरा आले. बॉर्डरवर अडकले होते. कॅनडाच्या ऑफिसरने दादाला विचारलं, ही कोण? दादा म्हणाला, बायको. ऑफिसरने वहिनीला विचारलं, हा तुमचा नवरा का? वहिनी म्हणाली, "यू आस्क हिम." मग त्याने कुठे चाललात, कशाला चाललात, असं दोघांना विचारलं, आणि दोघंही एकमेकांकडे न बघता वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत उत्तरं देऊ लागली. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली. तासभर दोघांना वेगवेगळ्या बाकांवर बसवलं होतं. दादा हे सांगताना हसत होता. वहिनी मला म्हणाली, "तुझ्या दादाला सांग, यात हसण्यासारखं काही नाही." आणि मग पदराआड, म्हणजे माझ्या एप्रनआड, तीही हसली.

सोऱ्या दादाकडे आणि कढई वहिनीकडे, ही वाटणी त्यांच्या लग्नापासूनची. मळलेलं पीठ घट्ट असायचं, सोऱ्या दाबायला जोर लागायचा. दादा कागदावर चकल्या पाडायचा, वहिनी एकेक उचलून तेलात सोडायची. त्या दिवशी तीन तास ती दोघं एका शेगडीशी उभी होती. तेल तापलं की ती नुसती मान हलवायची, तो पाडायला लागायचा. चकली तुटायला लागली की तो थांबायचा, ती पिठाला गरम तेलाचा हात लावून परत द्यायची. इतकी वर्षं एकत्र काम केलेल्या माणसांना बोलायची गरजच पडत नाही. मी मध्ये उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, माझी इथे गरज नाही.

भाच्यासाठी वेगळा डबा भरला. चकल्या, शंकरपाळे, पातळ पोह्यांचा चिवडा. लाडू वहिनीने ठेवले नाहीत, तिथल्या उन्हात विरघळतील म्हणाली. पोस्टात तिने आधीच विचारून ठेवलं होतं. पुढच्या मंगळवारपर्यंत पार्सल गेलं तर दिवाळीच्या आसपास पोचेल. त्यात तिची चिठ्ठी तयार होती. दादाची राहिली होती.

"तुझ्या दादाला सांग, चिठ्ठी लिहून टाक म्हणावं."

"वहिनीला सांग, आज लिहितो."

रविवारी नाही लिहिली. सोमवारीही नाही. इंजिनिअर माणूस, ऑफिसात पानंच्या पानं रिपोर्ट लिहायचा, पण स्वतःच्या मुलाला चार ओळी सुचेनात. मंगळवारी सकाळी तो ऑफिसला निघून गेल्यावर वहिनीला टेबलावर बंद पाकीट दिसलं. तिने ते डब्यावर ठेवलं, पार्सल बांधलं, गाडीत टाकलं आणि आधी मत द्यायला गेली. मंगळवार म्हणजे निवडणुकीचाच दिवस होता.

वहिनी आदल्याच वर्षी अमेरिकेची नागरिक झाली होती. हे तिचं तिथलं पहिलं मत. दुपारी दोनला तिने मला लॅबमध्ये फोन केला. शाळेच्या जिममध्ये मतदान होतं, बाहेर पाऊस होता आणि रांग पार्किंग लॉटभर पसरली होती. यंत्रं कमी आली होती म्हणे.

"अगं, मी आल्या आल्या बायकांची लाइन शोधत होते," ती म्हणाली. "एका बाईला विचारलंसुद्धा. ती माझ्याकडे बघतच राहिली. आपल्याकडे कसं, बायकांची लाइन वेगळी, भरभर सरकते. दोन तास झाले, अजून मी बाहेरच आहे. आणि पोस्ट ऑफिस पाचला बंद होतं."

मी घड्याळाकडे बघितलं. मला तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते मला आज कळतं. पण मी त्या निवडणुकीने झपाटलेली होते.

"लाइन सोडू नकोस," मी म्हटलं. "ओहायो आहे, वहिनी. एकेक मत मोलाचं आहे. पार्सल उद्या टाक."

"उद्या टाकलं तर दिवाळीनंतर पोचेल."

"पोराला घरी आणायचंय ना? मग उभी राहा."

ती मग "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. संध्याकाळी मी पुन्हा फोन केला तेव्हा दोन्ही रिसीव्हर उचलले गेले. मी विचारलं, "मत दिलंस?" वहिनी म्हणाली, "हो. तुझ्या दादाला सांग, झालं म्हणावं." वरच्या रिसीव्हरवरून दादाचा आवाज आला, "वहिनीला सांग, माझंही झालं." मी म्हटलं, सांगते. मनात म्हटलं, एकाच घरातली दोन मतं, एकमेकांना खाऊन शून्य.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कळलं. ओहायो गेलं होतं, आणि ओहायोबरोबर सगळंच. फरक फार मोठा नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी लंच रूममधून थेट दादाच्या ऑफिसात फोन लावला. असं मी कधी करत नसे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय. मी म्हटलं, "झालं ना तुझ्या मनासारखं? आता पोराला काही झालं तर तू दिलेलं मत आठव."

तो रागावला नाही. मागे त्याच्या ऑफिसातला प्रिंटर चालत होता तो ऐकू येत होता. मग म्हणाला, "भाऊबीजेला येतोय. पाचपर्यंत पोचू." आणि फोन ठेवला.

ते आले. दर भाऊबीजेला यायचे तसे, वाटेत डोनटचा डबा घेऊन. माझ्या शब्दांची मला लाज वाटत होती, पण माफी मागायची सवय आमच्या घरात कुणालाच नाही. मी त्याच्या आवडीची बासुंदी केली होती, ती आटवायला दोन तास लागतात, त्यातच काय ते समजायचं.

वहिनी स्वयंपाकघरात माझ्यामागे आली आणि सिंकचा नळ सोडला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

"तुला खोटं सांगितलं," ती म्हणाली. "मी मत दिलंच नाही. सव्वाचारला लाइन सोडली आणि पोस्टात गेले. त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी लिहिलं होतं गं त्याला. ते उशिरा जायला नको, असं वाटलं. जिममध्ये शिरले होते, पुढे वीस-एक माणसंच असतील."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या खांद्यांना अजूनही आमच्या गॅरेजचा वास होता, का मला तसं वाटलं कोण जाणे.

"तुझ्या दादाला सांगू नकोस," ती म्हणाली. तिच्या तोंडून 'सांगू नकोस' मी पहिल्यांदाच ऐकत होते.

थोड्या वेळाने माझा नवरा तिला घेऊन कोथिंबीर आणायला गेला आणि मी दादाला ओवाळायला बसवलं. पाट म्हणून वॉशरूममधलं प्लास्टिकचं स्टूल, त्यावर टॉवेल. त्याला कुंकू लावलं, सुपारी फिरवली, दिव्याने ओवाळलं. त्याने ताटात नेहमीचं पाकीट टाकलं. मी ताट खाली ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "तू त्या दिवशी म्हणालीस ते."

"जाऊ दे ना दादा."

"मी दुसऱ्याला मत दिलं."

मला आधी कळलंच नाही. दिवा हातात तसाच होता.

"म्हणजे वहिनीच्या माणसाला. ऑफिसातलं काम लवकर संपवून साडेचारला गेलो. तीन तास लाइनमध्ये होतो, वाटलं, विचार बदलेल. नाही बदलला. चिठ्ठी लिहायला बसलो होतो ना, तीन रात्री बसलो. त्याला काय लिहायचं, शूर हो? तेव्हा कळलं, मला तो नुसता घरी हवाय."

"अरे, मग सांग तिला. ती वाट बघतेय."

"नाही." हे तो एकदम कडक आवाजात म्हणाला. "ती रागावर उभी आहे. मी ठाम आहे, म्हणून तिला रागावता येतं. उद्या तिला कळलं की मीसुद्धा घाबरलोय, तर ती बसेल खाली. मग तिला धरणार कोण? तो परत येईपर्यंत तिला रागावू दे. तू सांगायचं नाहीस."

मी शब्द दिला. वहिनीला दिला होता, त्यालाही दिला. टू पर्सेंट आणि स्किम दुधाचे निरोप मी इमानाने पोचवले होते, आणि जे दोन पोचवायला हवे होते ते घेऊन बसले. त्या संध्याकाळी मी दोघांना बासुंदी वाढली. दादा म्हणाला, "वहिनीला सांग, वेलची छान लागतेय," आणि वहिनी म्हणाली, "तुझ्या दादाला सांग, ती मी घातली नाहीये, तू घातलीस."

पार्सल दिवाळीनंतर आठवड्याने पोचलं. चकल्यांचा चुरा झाला होता. भाचा आणि त्याच्या तंबूतली पोरं तो चुरा चमच्याने खात होती, असं त्याने कळवलं. पुढच्या वसंतात तो परत आला, धडधाकट. विमानतळावरच्या गर्दीत त्याला पोटाशी धरून झाल्यावर वहिनी वळली आणि दादाला म्हणाली, "गाडीची किल्ली कुठंय?" अबोला संपला. दादाने पार्किंग लॉटमधूनच मला फोन केला. मुलगा परत आल्याचं त्याने दुसऱ्या वाक्यात सांगितलं. पहिलं वाक्य होतं, "ती माझ्याशी बोलली."

आता सांगेल, आता सांगेल, असं मी वाट बघत राहिले. त्याने सांगितलं नाही. एकदा आठवण केली तर म्हणाला, "चाललंय ना छान, कशाला उकरायचं?" वहिनीनेही आपलं सांगितलं नाही. मग निवडणुका येत राहिल्या, अध्यक्ष बदलत राहिले, दर वेळी ओहायोत दादा आणि वहिनी जेवणाच्या टेबलावर मोठमोठ्याने भांडायचे आणि वहिनी त्याला टोमणा मारायची, "तुम्ही बोलूच नका, तुम्ही कुणाला मत दिलं होतं ते मला माहितीये." तो मान खाली घालून पोळी खायचा. वीस वर्षं त्याने तो टोमणा खाल्ला. मी समोर असले की माझ्याकडे बघायचाही नाही.

मागच्या हिवाळ्यात दादा गेला. हृदय थांबलं, ड्राइव्ह-वेवरचं बर्फ शोव्हल करून आत आला आणि खुर्चीत बसला, एवढंच. भाचा आता चाळिशीला आलाय, त्याला दोन मुली आहेत. त्याने सगळं केलं. घर आवरताना त्याने आपल्या जुन्या सामानातून ती चिठ्ठी काढून दाखवली. दोनच ओळी होत्या. 'चकल्या आईने तळल्या आहेत. सोऱ्या मी दाबला.'

या भाऊबीजेला वहिनी एकटी आली. बसने. मी म्हटलं होतं, यंदा फराळ नको, पण ती ऐकेना. आम्ही दोघी गॅरेजमध्ये उभ्या राहिलो. सोऱ्या मी घेतला. माझ्या मनगटांत आता जोर नाही, चकल्या वाकड्यातिकड्या पडत होत्या. ती तळत होती आणि तिकडच्या राजकारणावर बोलत होती, आणि बोलता बोलता नेहमीच्या सवयीने म्हणाली, "तुझ्या दादानेच निवडून दिलं होतं ना त्याला त्या वेळी."

मी सोऱ्या खाली ठेवला. दिलेला शब्द मोडायचा असं काही ठरवलं नव्हतं. पण ते वाक्य आता ऐकून घ्यायला तो नव्हता, आणि त्याच्या वतीने ते गिळणं मला जमलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. स्टूल, दिवा, तीन तासांची रांग, आणि तो तिला का सांगत नव्हता तेही, त्याच्याच शब्दांत.

वहिनीने शेगडी बंद केली. तेलाचा आवाज थांबेपर्यंत ती कढईकडे बघत राहिली. मग तिने डोळे पुसले, पदर नव्हता म्हणून बाहीला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या दादाला सांग, घाबरायचंच होतं तर दोघांनी मिळून घाबरलो असतो."

मी म्हटलं, "सांगते."